धुराच्या बिअरचं तिसरं पिंप

कलकत्त्याला जायचं मी एका पत्रावरून ठरवलं. पत्र अक्काचं असतं तर गेले नसते. अक्का ही माझी थोरली बहीण. ती दर दोन महिन्यांनी 'ये गं' लिहायची आणि मी दर दोन महिन्यांनी परीक्षांचं कारण कळवायची. हे पत्र भाऊजींचं होतं, अक्काच्या यजमानांचं. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण मला वेगळं असं पत्र त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. साल त्र्याहत्तर, डिसेंबर महिना. मी तेव्हा नागपूरला मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते.

भाऊजी हावड्याच्या एका लहान कारखान्यात बिअर बनवायचे. नागपूरच्या आमच्या घरी त्याला 'सरबताचा कारखाना' म्हणत आणि विषय बदलत. पत्रात त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्यांना वास येईनासा झाला होता, कशाचाच. दुसरी, हे कोणालाही ठाऊक नव्हतं, अक्कालासुद्धा नाही. तिसरी, मालकांना पिंपातल्या बिअरचा विभाग बंद करून फक्त बाटल्या भरायच्या होत्या. भाऊजींनी त्यांच्याकडून एक शेवटची संधी मागून घेतली होती. नाताळासाठी धुरावलेल्या जवाची एक नवी बिअर. शनिवारी एका क्लबचे सेक्रेटरी ती चाखायला येणार होते. त्यांनी मागणी नोंदवली तर पिंपांचा विभाग राहणार, त्यात काम करणारी चार माणसं राहणार, आणि भाऊजीही. 'तुझं नाक तिखट आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'शनिवारच्या आधी येऊन चाखून जा.'

मी आयुष्यात बिअर चाखली नव्हती. रजा मिळाली म्हणून गेले.

मुंबईहून येणारी हावडा मेल नागपूरहून पकडली. तिसऱ्या वर्गाचं स्लीपर, लाकडी बाक, सोबत स्वतःची गादी. आज जाणाऱ्यांना गादी लागत नाही, पण डिसेंबरात चादर जाडच घ्या. बिलासपूरपासून पुढे रात्रभर खिडकीच्या फटीतून गार वारा येतो. डबा घरून नेला होता. पुऱ्या, लसणाची चटणी, तिळाचे लाडू. खडगपूरला मातीच्या कुल्हडातला चहा घेतला. समोरच्या बाकावर रायपूरचे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "बाई, एकट्याच?"

"हो."

"कलकत्त्याला? सध्याच्या गडबडीत?"

"हो."

"कोणी आजारी आहे का?"

"नाही. चव घ्यायला चाललेय," मी म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं ते हावडा येईपर्यंत मिटलं नाही.

हावडा स्टेशनवर हमालाशी भाव आधी ठरवा. हा सल्ला तेव्हाही लागू होता. टॅक्सीची रांग लांब होती, पण पुढे सरकत होती. पुलावर टॅक्सी अर्धा तास अडकली. हातगाड्या, ट्राम, डोक्यावर फुलांचे भारे घेतलेली माणसं, सगळे एकाच वेळी पलीकडे जाऊ पाहत होते. मला त्यात काही भव्य वाटलं नाही. पूल मजबूत होता.

अक्काचं घर बालीगंजला, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि रस्त्याकडे उघडणारी लांबट गॅलरी. पोहोचले तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. अक्काने कंदील लावला, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "वाळलीस."

"तू जाड झालीस."

"संदेश खाऊन. हिवाळ्यात खजुराच्या ताज्या गुळाचे मिळतात. बस, देते."

ते संदेश मी कलकत्त्याला जाणाऱ्या प्रत्येकाला सुचवते. फक्त थंडीतच मिळतात. त्या गुळाला चुलीच्या धुराचा अगदी हलका वास असतो. बाकी मिठाईच्या बाबतीत मी मत देत नाही.

भाऊजी संध्याकाळी आले. चौपन्न वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. जेवताना अक्काने वरण वाढलं. वरणात हिंग अजिबात नव्हता. मी अक्काकडे पाहिलं, ती भाऊजींकडे पाहत होती. भाऊजींनी वरण ओरपलं आणि म्हणाले, "छान झालंय." अक्काने भाताचं पातेलं उचललं आणि आत निघून गेली.

गुरुवारी भाऊजींबरोबर कारखान्यात गेले. रस्ता सांगते, कारण तो प्रवास नुसता प्रवास म्हणूनही करण्यासारखा आहे. बालीगंजहून ट्रामने धर्मतल्ला, तिथून पायी चांदपाल घाट, घाटावरून लाँचने पलीकडे. लाँचचं तिकीट फार स्वस्त, बसायला बाक, आणि पुलावरच्या कोंडीपेक्षा वेळ कमी. नदी डाळीच्या पाण्याच्या रंगाची. सकाळी धुकं असतं, म्हणून पलीकडचा काठ शेवटच्या पाच मिनिटांतच दिसतो. लाँचवर भाऊजी म्हणाले, "इथे पूर्वी चिखल, कोळसा आणि तळलेली मासळी असा वास यायचा. अजून येतो का?"

"कोळसा आणि मासळी येते. चिखल नाही."

"भरती असेल," ते म्हणाले.

कारखाना घाटापासून दहा मिनिटांवर, लोखंड ओतणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधे. पत्र्याचं छप्पर, आत विटांचं जुनं बांधकाम. पिंपांची खोली तळघरात होती, सहा पायऱ्या खाली. तिथे गफूर मिस्त्री भेटले. पिंपं बांधणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम. साठीचे, पांढरी दाढी, पाचही वेळा नमाज पढणारे. चाळीस वर्षं बिअरच्या पिंपांवर हात फिरवलेला, आणि थेंब चाखला नव्हता.

"शाहेब, या दीदीमणी?" त्यांनी भाऊजींना विचारलं. बंगाली वळणाची हिंदी होती, मला समजत होती.

"माझी मेहुणी. नागपूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ती चाखणार."

"दीदीमणी चाखणार?" मिस्त्रींनी दाढीवरून हात फिरवला. "मग मी वर जाऊ का? त्यांना लाज वाटेल."

"मला वाटणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही थांबा."

भाऊजींनी मला आधी कोठीत नेऊन जव दाखवले. मोड आणून वाळवलेले. त्यांतला चौथा हिस्सा त्यांनी आंब्याच्या लाकडावर आणि नारळाच्या शेंड्यांवर धुरावला होता. मी विचारलं, "धुराचीच बिअर का? वास येत नसताना?"

"धूर डोळ्यांना कळतो," ते म्हणाले. "इतर सगळ्याला नाक लागतं. धूर किती झाला ते डोळे सांगतात. चुरचुरायला लागले की थांबायचं, पाणी आलं म्हणजे जास्त झालं. सहा वेळा करून पाहिलं."

"आणि बरोबर झालं की नाही, हे कोणाला विचारलंत?"

"गफूरना."

"ते काय म्हणाले?"

"वास घेऊन बरोबर आहे म्हणाले."

"ते तुम्हाला नाही म्हणतील का?"

भाऊजी तळघराच्या पायऱ्यांकडे वळले.

चाखण्याची रीत अशी. पिंप आडवं ठेवलेलं असतं, लाकडी घडवंचीवर, हलणार नाही असं. आत अजून जिवंत यीस्ट असतं, ते तळाशी बसू द्यावं लागतं. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी असते, तिच्यातून वायू हळूहळू निघतो. समोरच्या तोटीतून बिअर काढतात. ग्लास मेणबत्तीसमोर धरून पाहतात, पलीकडची ज्योत स्वच्छ दिसली तर ठीक. ज्योत स्वच्छ दिसत होती. मी विचारलं, "इतकी निवळते कशाने?"

"माशाच्या पोटात हवेची पिशवी असते," भाऊजी म्हणाले. "ती वाळवून, भिजवून तिचा चिकट रस थोडा घालतो. गाळ त्याला चिकटून खाली बसतो."

मी ग्लास खाली ठेवला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

"रस खाली बसतो," भाऊजी म्हणाले. "वर काही राहत नाही."

"मी तोंडात घेऊन थुंकते."

"नाही चालत. वाइन थुंकतात. बिअरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी कळतो, म्हणून ती गिळावी लागते. या धंद्याचा नियमच आहे."

मिस्त्री पायरीवर बसून खाली बघत होते. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते, पिंपाकडे बघत होते. मी ग्लास उचलला. नागपूरच्या घरी मी हे कोणाला सांगितलं नाही. आज ते ऐकायला त्यांतलं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

"चांगली की वाईट ते सांगू नकोस," भाऊजी म्हणाले. "तुला ते कळणार नाही. काय काय आहे तेवढं सांग. घरातल्या शब्दांत."

मी डोळे मिटले. आधी वास घेतला.

"भरीत. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, साल काढतानाचं. जळलेलं नाही."

"पुढे."

"त्याखाली फुटाणे. गरम फुटाणे. मग गूळ, पण गोड नाही, गुळाच्या ढेपेच्या फडक्याचा वास असतो तसा."

"आता गीळ."

मी गिळली. थंड नव्हती, तळघरात ठेवलेल्या पाण्याइतकीच गार होती. फेस थोडा. पहिल्या क्षणी धूर जिभेवर बसला, मग भाजलेल्या धान्याची चव आली, आणि गिळल्यावर घशाच्या तोंडाशी कडवटपणा आला. कारल्याचा नाही. कडुनिंबाचाही नाही.

"कोरड्या पानाचा कडूपणा," मी म्हटलं. "बराच वेळ राहतो."

"तो हॉप्सचा. वाळलेली फुलं असतात. लोणी येतंय का? शिळं लोणी?"

"नाही."

"कच्चं केळं?"

"नाही."

"शिरका?"

"नाही."

भाऊजींनी श्वास सोडला. मिस्त्रींनी पायरीवरून विचारलं, "शाहेब, दीदीमणी काय म्हणतात?"

"वांगं म्हणतात," भाऊजी म्हणाले.

"वांगं!" मिस्त्री उठून उभे राहिले. "मी त्यात वांगं घातलं नाही, खुदा कसम!"

त्या सहलीत मी एकदाच मोठ्याने हसले, ते तिथे.

एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण वर जाताना मिस्त्रींनी धुऊन ठेवलेलं एक रिकामं पिंप आमच्यापुढे आणलं. हीसुद्धा त्या धंद्यातली रीत. पिंप भरण्याआधी ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, स्वतः वाकून भोकाला नाक लावतो. आतलं लाकूड आंबलं असेल तर फक्त वासानेच कळतं. पिंपात प्रकाश जात नाही आणि हात पोहोचत नाही. हे काम दुसरं कोणी करत नाही, मालकही नाही. भाऊजी वाकले, नाक लावलं, क्षणभर थांबले. "ठीक," ते म्हणाले. मिस्त्रींनी खडूने पिंपावर पसंतीची फुली मारली.

मी वाकले. लोणच्याच्या बरणीत पाणी गेल्यावर येतो तसा वास होता, आणि तो हलका नव्हता.

"भाऊजी, हे आंबलंय," मी मराठीत म्हटलं. मराठी तिथे आम्हा दोघांशिवाय कोणाला कळत नव्हती.

भाऊजी मिस्त्रींकडे वळून हिंदीत म्हणाले, "हे पुन्हा धुवा. कढत पाण्याने. गंधक जाळा."

"पण शाहेब, आपण आत्ताच..."

"पुन्हा धुवा."

मिस्त्रींनी फुली पुसली. चाळीस वर्षांत असं झालं नसावं. ते बराच वेळ हातातल्या खडूकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "शनिवारसाठी पिंपं किती भरलीत?"

"तीन."

"तिन्हींना असंच नाक लावलंत?"

"हो."

"मी एकच चाखलंय."

"दुसरं उद्या चाख. तिसरं उघडता येणार नाही. मालकांची अट आहे, एक पिंप पाहुण्यांसमोरच उघडायचं. मागे एकदा शिळा माल गेला होता, तेव्हापासून."

"मग मालकांना आज सांगा."

"शनिवार होऊ दे. शनिवारनंतर सांगतो."

"आणि तिसरं आंबलेलं निघालं तर?"

"तीनांतली दोन चांगली असतील तर तिसरंही असेल."

"हे गणित नाही," मी म्हटलं. लाँच येईपर्यंत आम्ही घाटावर उभे राहिलो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की शनिवारी मी खुणा करणार नाही, खोकणार नाही, डोळे मिचकावणार नाही. विचारलं तर खरं सांगेन. ते म्हणाले, "मी तसं मागितलेलं नाही." हे खरं होतं.

शुक्रवारी दुसरं पिंप चाखलं. तेच भरीत, तेच फुटाणे, कडवटपणा थोडा कमी. भाऊजींनी वहीत लिहून घेतलं. दुपारी अक्काबरोबर गडियाहाट बाजारात गेले. बाजार पाहायचा असेल तर दुपारी जा, संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नसते. तांताची साडी घेतली, सुती, पांढरी, काठ लाल. दुकानदाराने अक्काशी बंगालीत घासाघीस केली आणि माझ्याकडे वळून हिंदीत विचारलं, "दीदी नवीन आल्या?"

"चव घ्यायला आलीये," अक्का बंगालीत म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला ठाऊक आहे?"

"मी त्यांच्या ताटात वीस वर्षं वाढतेय," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी दूध उतू जाऊन करपलं. हे तिथेच पेपर वाचत बसलेले. हलले नाहीत. मग मी एक दिवस हिंग घातला नाही. मग लसूण नाही. मग मुद्दाम आमटी लागू दिली. सगळ्याला छान म्हणाले."

"मग बोलत का नाहीस?"

"ते सांगतील तेव्हा बोलेन." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एवढं त्यांचं त्यांना करू दे गं."

शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही तळघरात होतो. लोडशेडिंगचा भरवसा नाही म्हणून मेणबत्त्या आधीच लावल्या होत्या. मालक पन्नाशीचे, बंगाली, धोतरावर कोट, बोलणं इंग्रजीत आणि हळू. क्लबचे सेक्रेटरी निवृत्त फौजी, मिशा मेणाने वळलेल्या. मला 'रसायनतज्ज्ञ' म्हणून ओळख करून दिली. सेक्रेटरींनी विचारलं, "मॅडम, आपण बिअर पिता?"

"परवापासून," मी म्हटलं.

पहिल्या पिंपाचा ग्लास त्यांनी ज्योतीसमोर धरला, घोट घेतला, पुन्हा घेतला. "मसुरीच्या छावणीत शेकोटी पेटवायचो आम्ही," ते मालकांना म्हणाले. "त्याची आठवण झाली. जेवणाबरोबर चालेल. मटणाबरोबर तर नक्की." दुसरा ग्लासही त्यांनी रिकामा केला. मालकांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हती, पण रिकामा ग्लास कळत होता.

"आता ते," मालक म्हणाले आणि तिसऱ्या पिंपाकडे बोट दाखवलं.

मिस्त्रींनी लाकडी हातोडीने तोटी बसवली. एकच ठोका, एक थेंबही सांडला नाही. भाऊजींनी ग्लास भरला. मालक म्हणाले, "आधी आपण. आपला माल आहे."

मी चार फुटांवर होते. तिथपर्यंत वास आला. धूर होता, आणि धुराच्या पुढे शिरका होता. फार नव्हता. सेक्रेटरींना लगेच कळलाही नसता कदाचित, पण दुसऱ्या घोटाला कळला असता.

भाऊजींनी ग्लास ज्योतीसमोर धरला. ज्योत स्वच्छ दिसत होती. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, रीतीप्रमाणे, आणि तसाच धरून ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावरची रेषाही हलवली नाही, ठरल्याप्रमाणे. माझा चेहरा इतका कोरा त्यांनी कधी पाहिला नसेल. त्यातूनच त्यांना कळलं असेल का, हे मला सांगता येत नाही. त्यांनी ग्लास खाली घेतला, मालकांकडे वळले आणि तोंड उघडलं.

"यात शिरका आहे," मी इंग्रजीत म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. भाऊजींचं तोंड अजून उघडं होतं. त्यांनी ते मिटलं.

मालकांनी ग्लास घेतला, वास घेतला, चाखलं. "आहे," ते म्हणाले. मग भाऊजींना विचारलं, "आपण नाकाशी धरला होता. आपल्याला कळलं नाही?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "मला दोन वर्षं वास येत नाही. कशाचाच."

मालकांनी मिस्त्रींकडे पाहिलं, पिंपांच्या रांगेकडे पाहिलं, प्रत्येक पिंपावरच्या खडूच्या फुलीकडे पाहिलं. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. "दोन वर्षं," एवढंच म्हणाले. सेक्रेटरींनी मिशांवरून बोट फिरवलं आणि आधीची दोन पिंपं नाताळासाठी घेतो म्हणाले. तिसरं अर्थात नको. मग त्यांना कुठेतरी जायचं होतं.

परतीच्या लाँचवर गर्दी होती. भाऊजींनी भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली, अर्ध्या मला दिल्या. शेंगा खाऊन होईपर्यंत घाट आला. ट्राममध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

घरी गेल्यावर त्यांनी अक्काला सांगितलं. मी गॅलरीत होते, शब्द ऐकू आले नाहीत. बऱ्याच वेळाने अक्काने फोडणी दिली आणि हिंगाचा वास गॅलरीपर्यंत आला. जेवायला बसलो. वरण चांगलं झालं होतं. भाऊजी काहीच म्हणाले नाहीत.

सोमवारी अक्का मला स्टेशनवर सोडायला आली. फलाटावर उभी राहून म्हणाली, "ते म्हणतात, मी सांगणारच होतो."

"कोणाला?"

"मालकांना. तेव्हाच. तोंड उघडलं होतं म्हणतात." ती खिडकीच्या गजाला धरून होती. "होतं का गं उघडलेलं?"

"होतं."

"मग तू दोन क्षण थांबायचं होतंस."

"ते 'ठीक' म्हणाले असते तर?"

अक्काने गज सोडला. गाडी सुटायला अजून सात मिनिटं होती, आणि ती सात मिनिटं आम्ही डब्यात पाणी आहे का, पुऱ्या पुरतील का, यावर बोललो.

पुढचं थोडक्यात. पिंपांचा विभाग त्या हिवाळ्यापुरता राहिला. दुसरा ब्रूअर आला, तरुण, नाक शाबूत. उन्हाळ्याआधी विभाग बंद झाला. गफूर मिस्त्रींना गार्डन रीचला होड्यांच्या कामात जागा मिळाली. भाऊजींनी महिनाअखेर राजीनामा दिला आणि वर्षभरात दोघं नागपूरला आले, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. धुराची बिअर पुन्हा कोणी केली नाही. मी तिची चव ओळखू शकेन. त्यानंतर एक-दोनदा लोकांनी मला बिअर देऊ केली. चाखून पाहिली, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

कलकत्त्याला जाणाऱ्यांनी जरूर जावं. हिवाळ्यात जा, लाँचने नदी ओलांडा, संदेश खा. प्रवास सोपा आहे आणि माणसं बोलकी आहेत. परत आल्यावर मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर होते. मुलींना वर्गात सांगायचे, जे नाकाला कळलं ते ताबडतोब वहीत लिहा, शेजारणीच्या वहीत बघू नका. हे मी पुढेही सांगत राहिले. फक्त 'ताबडतोब' म्हणताना मला तळघर आठवायचं.

त्या दोन क्षणांचा हिशोब मला लागलेला नाही. ते खरं बोलणार होते तर ते बोलणं त्यांचं होतं, मी मधेच उचलून नेलं. खोटं बोलणार होते तर मी त्यांना त्यातून वाचवलं. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे, आणि मला सवय आहे ती उत्तर निघणाऱ्या प्रश्नांची.

एकदाच विचारलं. भाऊजी तेव्हा सत्तरीत होते, आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अक्का आत होती. मी सरळ विचारलं, "त्या दिवशी तोंड उघडलं होतं, तेव्हा तुम्ही काय म्हणणार होतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता.

"शिरकाच होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," ते म्हणाले आणि खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली.